इन्फो कुणाचा?

सकाळी अकराला फोन आला. दातांच्या डॉक्टर होत्या, आमच्या सगळ्यात जुन्या ग्राहक. "अहो, माझ्या मेलवर कुणाच्या तरी घटस्फोटाचे कागद आलेत. पहिलं पान उघडलं आणि लगेच बंद केलं. हे माझं नाही."

माझ्या पोटात गोळा आला. आदल्या दिवशी दुपारी चारला मी एका वकिलांच्या ऑफिसचं डोमेन (मेल पत्त्यात @ नंतर येतं ते नाव) आमच्या मेल सर्व्हरवर घेतलं होतं. त्या सर्व्हरवर एकूण चौदा डोमेन आहेत. मेलबॉक्स एकाचाही नाही. येईल ते पत्र ज्याच्या त्याच्या खाजगी मेलवर पुढे पाठवायचं, एवढंच काम. वकिलांनी दोन पत्ते मागितले होते, ते मी व्हर्च्युअल फाइलमध्ये, म्हणजे कुठल्या पत्त्याचं पत्र कुठे पाठवायचं त्या यादीत लिहिले, ती सर्व्हरला वाचता यावी म्हणून पोस्टमॅप ही आज्ञा चालवली, दोन्हींवर चाचणी पत्रं पाठवली. पोहोचली. इन्फो, म्हणजे info@ ने सुरू होणारा पत्ता, त्यांनी मागितलाच नव्हता. तो त्यांच्या जुन्या व्हिजिटिंग कार्डावर होता आणि अशील अजून तोच वापरत होते.

यादीत नसलेल्या पत्त्यावरचं पत्र सर्व्हर ५५० हा नकाराचा कोड देऊन दारातूनच परत पाठवतो, अशी माझी समजूत. मग ते दातांच्या दवाखान्यात कसं गेलं?

उत्तर सेटिंगमधल्या एका ओळीत होतं. पोस्टफिक्समध्ये, म्हणजे आमचा मेल सर्व्हर ज्यावर चालतो त्या सॉफ्टवेअरमध्ये, मायडेस्टिनेशन नावाची यादी असते. त्यात लिहिलेलं प्रत्येक डोमेन म्हणजे हा सर्व्हरच, असं पोस्टफिक्स धरतो. तिथे @ च्या पुढचा भाग बघितलाच जात नाही, फक्त नाव बघितलं जातं. आणि नावं शोधायची जागा म्हणजे एलियासेस फाइल, जिच्यात डोमेनला स्थानच नाही. सर्व्हर सुरू झाला तेव्हा त्यावर एकच डोमेन होतं, दवाखान्याचं. म्हणून त्या फाइलमध्ये 'इन्फो' म्हणजे डॉक्टर, अशी ओळ होती. पुढे एकेक डोमेन आलं, मी ते मायडेस्टिनेशनमध्ये जोडत गेलो. व्हर्च्युअल फाइल आधी बघितली जाते आणि बाकीच्या सगळ्या डोमेनचा इन्फो तिथे लिहिलेला होता, त्यामुळे ही भेग इतकी वर्षं झाकून राहिली. वकिलांच्या इन्फोची ओळ तिथे नव्हती. पत्र खाली घरंगळलं आणि डॉक्टरांकडे गेलं.

ती एक ओळ घालायला दोन मिनिटं लागली. पण गेलेल्या पत्रांचं काय? नुसतं फॉरवर्डिंग करणाऱ्या सर्व्हरवर पत्राची प्रत मागे उरत नाही. पुढे पोहोचलं की रांगेतून पुसलं जातं. उरतो तो लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही. त्यात 'रिले=लोकल' आणि 'फॉरवर्डेड ॲज' असलेल्या ओळी, म्हणजे एलियासेस फाइलमधून पुढे गेलेल्या पत्रांच्या नोंदी शोधल्या. एकोणीस तासांत सात पत्रं.

पाठवणाऱ्यांचे पत्तेही सरळ दिसत नव्हते. फॉरवर्ड केलेलं पत्र आमच्या आयपीवरून जातं, लिफाफ्यावर मात्र मूळ पाठवणाऱ्याचं डोमेन असतं. समोरच्या सर्व्हरला हे एसपीएफच्या (कुठल्या डोमेनची पत्रं कुठल्या सर्व्हरवरून यावीत ती जाहीर यादी) विरुद्ध दिसतं आणि तो पत्र नाकारू शकतो. म्हणून आम्ही एसआरएस या पद्धतीने लिफाफ्यावरचा पत्ता बदलून आमच्या डोमेनचा करतो. बदललेल्या पत्त्यात आधी छोटा हॅश (पत्ता खरा आहे हे पडताळायचा संकेत), मग काळाची खूण, मग मूळ डोमेन आणि शेवटी नाव. असे सात पत्ते उलटे उलगडून कागदावर लिहिले.

मग वकिलांना फोन केला. काहीही झाकायचं नाही हे ठरवूनच केला. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "सातही पत्ते द्या. अशिलांना मी स्वतः सांगते." डॉक्टरांनी बाकीची सहा उघडलीच नव्हती. वकिलांशी बोलूनच त्यांनी सातही पत्रं पुसली, कचरापेटीतूनही, आणि तसं मला कळवलं.

दुपारभर मी सगळी मांडणी बदलत होतो. मायडेस्टिनेशनमध्ये फक्त सर्व्हरचं स्वतःचं नाव आणि लोकलहोस्ट, म्हणजे 'हेच मशीन', ठेवलं. चौदाही डोमेन व्हर्च्युअल एलियास डोमेनच्या यादीत नेली. तिथे पत्ता डोमेनसकट जुळला तरच पत्र पुढे जातं, नाहीतर 'युझर अननोन'. एक डोमेन घाईत दोन्हीकडे राहिलं होतं, लॉगमध्ये पोस्टफिक्सने लगेच इशारा दिला. पोस्टमास्टरचा पत्ता प्रत्येक डोमेनला असलाच पाहिजे, असं आरएफसी ५३२१, म्हणजे मेल पाठवण्याच्या नियमांचा दस्तऐवज, सांगतो. आतापर्यंत तो एलियासेस फाइलमधून आपोआप मिळत होता, तो आता गेला. म्हणून चौदा ओळी हाताने. मग एकेक पत्ता पोस्टमॅपच्या क्यू पर्यायाने विचारून पाहिला. यावेळी नसलेले पत्तेही विचारले, कारण माझी चूक तिथेच झाली होती. जे आहे तेच तपासत आलो होतो.

लॉग आम्ही चार आठवड्यांचे ठेवतो. तेही चाळले. दुसऱ्या एका डोमेनच्या 'अकाउंट्स'वर आलेली तीन पत्रं डॉक्टरांच्या हिशेबनिसाकडे गेलेली सापडली. त्यांच्याकडून तक्रार आलेली नव्हती. तरी त्या दिवशीच दोन्हीकडे फोन करून सांगितलं. एकजण चिडले, आणि त्यांचं चिडणं रास्त होतं.

संध्याकाळपर्यंत सातपैकी सहा जणांनी पत्रं पुन्हा पाठवली. घटस्फोटाचे कागद पाठवणाऱ्या बाईंचं बाकी होतं. मी लॉग उघडा ठेवून बसून राहिलो. नऊ वाजून वीस मिनिटांनी ओळ आली: मूळ पत्ता वकिलांचा इन्फो, पुढचा पत्ता वकिलांचा, 'स्टेटस=सेंट', २५०, म्हणजे स्वीकारलं.