पॅड बदलण्याआधी पेडल काय सांगतंय ते बघा

ब्रेकची तक्रार घेऊन गाडी गॅरेजला गेली की बहुतेक वेळा नवे पॅड (चाकाच्या डिस्कला घासून गाडी थांबवणारे तुकडे) घालून परत येते. दोष ब्रेक ऑइलमध्ये, बूस्टरमध्ये (व्हॅक्यूमने पेडलचा जोर वाढवणारा भाग) किंवा कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) पिनांत असेल तर या खर्चाने काहीच साधत नाही. नाशिक शहरात द्वारका-मुंबई नाका करताना हा दोष लक्षातही येत नाही. इगतपुरी सोडून कसारा घाट उतरायला लागलं की मग कळतं. म्हणून आधी तपासणी, मग खर्च.

सुरुवात पेडलपासून करा. इंजिन बंद ठेवून ब्रेक पाच-सहा वेळा दाबा. पेडल कडक होईल. पाय तसाच दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल थोडं खाली गेलं तर बूस्टर ठीक आहे. जागचं हललंच नाही तर बूस्टरला व्हॅक्यूम मिळत नाही. तिथे जाणारा होज (रबरी नळी) चिरलाय का, त्यातला एकतर्फी व्हॉल्व्ह काम करतोय का, डिझेल गाडी असेल तर व्हॅक्यूम पंप चालतोय का, हे बघा. पेडल लाकडासारखं कडक आणि गाडी थांबत नाही, ही तक्रार पॅडची क्वचितच असते.

आता इंजिन चालू ठेवून पेडल मध्यम जोराने अर्धा मिनिट दाबून धरा. हळूहळू खाली सरकत गेलं तर ब्रेक ऑइलच्या टाकीतली पातळी बघा. ती उतरत असेल तर कुठेतरी गळती आहे: चाकांची आतली बाजू, मागच्या ड्रमची प्लेट, होजचे सांधे तपासा. गळती कुठेच नसेल तर मास्टर सिलिंडरची (पेडल दाबल्यावर ऑइल चाकांकडे ढकलणारा भाग) आतली रबरं गेली आहेत. अशी गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, टो करा.

पहिल्या दाबाला पेडल खोल जातं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दाबाला वर येतं, यात दोन वेगळ्या दोषांची गल्लत होते. वर येऊन टणक लागलं तर मागच्या ड्रममधले लायनर (ड्रमला आतून घासणारे पट्टे) ड्रमपासून दूर गेलेत. त्यांचं अंतर राखणारा ॲडजस्टर जाम झालाय का ते बघून सेटिंग करायचं. वर येऊनही स्पंजासारखं दबत राहिलं तर लाइनमध्ये हवा आहे.

घाटातला दोष मात्र या चाचण्यांत सापडत नाही. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं आणि त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. डॉट ४ दर्जाचं ऑइल कोरडं असताना किमान २३०° सेल्सिअसपर्यंत टिकतं, पाणी मुरल्यावर ही हमी १५५ वर येते. डॉट ३ साठी हेच आकडे २०५ आणि १४०. उतारावर सतत ब्रेकवर पाय ठेवला की कॅलिपर तापतं, ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दबते म्हणून पेडल तळाला जातं. गाडी थंड झाली की बुडबुडे विरतात आणि पेडल पुन्हा नीट लागतं. मालकाला वाटतं, काही झालंच नव्हतं. ऑइल दोन वर्षांनी बदलायचं, गाडी कितीही कमी फिरली असली तरी. बाटली सीलबंदच घ्या. उघडून महिनोन्महिने पडलेली नको. आणि डॉट ५ हे सिलिकोनचं ऑइल असतं, ते डॉट ३ किंवा ४ मध्ये कधीही मिसळू नका.

हवा काढायला दोन माणसं लागतात. टाकीत ऑइल भरलेलं ठेवा, चाकाजवळच्या निपलला (हवा काढायचा पोकळ स्क्रू) रिंग पाना आणि पारदर्शक नळी लावा, नळीचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवा. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल पाव फेरा उघडायचा, आणि निपल बंद झाल्यावरच पेडल सोडायचं. हा क्रम चुकला की हवा परत आत. जुन्या गाडीत पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. पिस्टन एरवी जिथे पोचत नाही तिथला गंज मास्टर सिलिंडरची रबरं फाडतो. चाकांचा क्रम गाडीच्या पुस्तकात बघा. ऑइल रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, ते रंग खातं.

पॅड किती उरलेत हे रिमच्या फटीतून बघून ठरवू नका. तिथून फक्त बाहेरचा पॅड दिसतो. पिना अडकल्या की आतला पॅड लोखंडाला टेकतो आणि बाहेरचा निम्मा शिल्लक असतो. त्र्यंबक-इगतपुरीच्या पावसात पिनेवरच्या फाटक्या रबरी बूटमधून (टोपणातून) चिखल आत जातो, आणि पिन गंजून धरते. चाक काढा, पिन हाताने सरकते का बघा. नसेल तर गंज पुसून सिलिकोन ग्रीस लावा. साधं ग्रीस नको, त्याने रबर फुगतं. पॅडचं लायनिंग (घासला जाणारा थर) ३ मिमीवर आलं की पॅड बदला. डिस्कची किमान जाडी तिच्यावरच कोरलेली असते. मोजून तिच्या खाली गेली असेल तर लेथवर देऊ नका, नवीच घ्या.

आठ-दहा किलोमीटर चालवल्यावर एकच चाक जास्त तापलं, तर ब्रेक धरून बसतोय. जॅक लावून स्टँड द्या, दुसऱ्या चाकांना दगड लावा आणि त्या चाकाचं निपल उघडा. ऑइल जोरात उडून चाक मोकळं झालं तर होज आतून फुगून बंद झालाय. तरीही जामच राहिलं तर पिन किंवा पिस्टन अडकलाय. या एका चाचणीने चुकीचा पार्ट घेणं टळतं.

ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरलं तर डिस्कची जाडी एकसारखी राहिलेली नाही. जोराच्या ब्रेकला फक्त पेडल धडधडलं तर तो एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आहे, दोष नाही.

नवे पॅड घातल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल टणक होईपर्यंत दाबत राहा, कारण पिस्टन मागे ढकललेला असतो आणि पहिला दाब रिकामा जातो. मग मोकळ्या रस्त्यावर ५०-६० च्या वेगावरून १५ पर्यंत आठ-दहा वेळा मध्यम ब्रेक मारा, पूर्ण न थांबता, मध्ये थोडं अंतर जाऊ द्या. वणीचा गड किंवा कसारा त्यानंतर. आणि उतरताना, चढायला जो गिअर लागला असता तोच ठेवा, न्यूट्रल नको.