कोचने पाठवलं, म्हणून मी थेरपीला गेले

2023 च्या जूनमध्ये कंपनीने मला पर्चेस मॅनेजरची जागा देऊ केली. भोसरीत 15 वर्षं मी पर्चेसमध्येच काढली होती, काम तोंडपाठ होतं. तरी "विचार करून सांगते" म्हणाले आणि महिना उलटला तरी काही सांगितलं नाही. अडचण एकच होती, पण ती मी कुणापाशी बोलले नव्हते. मला फोन करवत नव्हता. व्हेंडरला मेल टाकायचे, व्हॉट्सअ‍ॅप करायचे, फारच अडलं तर गाडी काढून त्यांच्या शेडवर जाऊन यायचे. पण नंबर लावायचा म्हटलं की हात गार पडायचे. मॅनेजरला दिवसाला 40 फोन असतात.

मी गेले लाइफ कोचकडे. प्रश्न नोकरीचा आहे अशी माझी समजूत होती आणि 'थेरपी' या शब्दाची धास्तीही होती. नवऱ्याने विचारलं, "कोच काय नि काउन्सेलर काय, एकच ना गं?" तेव्हा मला उत्तर देता आलं नव्हतं. आता देता येतं, म्हणून लिहितेय.

कोच मॅडम पन्नाशीच्या, पूर्वी एचआरमध्ये नोकरी केलेल्या. पहिला अर्धा तास फक्त ओळखीचा होता, त्याचे पैसे घेतले नाहीत. मग 2 पानी करार आला: 6 सत्रं, 15 दिवसांनी एक, प्रत्येकी 1 तास, झूमवर. करारात एक ओळ ठळक छापलेली होती की हे कोचिंग आहे, मानसोपचार नाही. मी ती वाचली आणि सही केली. तिचा अर्थ पुढे दीड महिन्याने कळला.

भारतात लाइफ कोच व्हायला कायद्याने कसलीही नोंदणी लागत नाही. कुणीही उद्या पाटी लावू शकतं. म्हणून त्यांचं प्रशिक्षण मी आधी विचारून घेतलं होतं, आणि तुम्हीही संकोच न करता विचारा. त्यांच्याकडे इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनचं पीसीसी, म्हणजे 'प्रोफेशनल सर्टिफाइड कोच' हे प्रमाणपत्र, होतं. ही 1995 पासूनची खासगी संस्था. पीसीसीसाठी तिथे किमान 125 तासांचं शिक्षण आणि 500 तासांचा कोचिंगचा अनुभव लागतो. सरकारी परवाना नाही हा, पण काहीच नसण्यापेक्षा पुष्कळ बरं.

पहिल्या सत्रात त्यांनी एक वर्तुळ काढून त्याचे 8 भाग करायला लावले: नोकरी, पैसा, तब्येत, घर, मैत्री वगैरे. प्रत्येकाला 10 पैकी गुण. मग नोकरी घेऊन बसलो. कुठे पोचायचंय, आज कुठे आहात, वाटा कुठल्या, यातलं कधी आणि काय करणार, अशा क्रमाने त्या विचारत जायच्या. सल्ला देत नव्हत्या. मी "तुम्हीच सांगा ना" म्हटलं की शांतपणे थांबायच्या. त्या शांततेत मला माझंच काहीतरी सुचायचं, आणि ते मला फार आवडायचं.

दुसऱ्या सत्राच्या शेवटी मी स्वतःच ठरवलं की 15 दिवसांत 5 व्हेंडरना फोन करायचे. एकही झाला नाही. तिसऱ्या सत्रात त्यांनी विचारलं, "काय आड आलं?" मी सांगायला लागले आणि सांगता सांगता रडायलाच लागले. रोज पहाटे 3 ला जाग येते, 2 वर्षं झाली, हेही बोलून गेले. त्यांनी वही बाजूला ठेवली. म्हणाल्या, "हे माझ्या कामाच्या पलीकडचं आहे. मी आणखी नवीन टार्गेट दिलं तर तुम्हाला त्रासच होईल. तुम्ही क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भेटा. आपली 3 सत्रं राखून ठेवते, नको असतील तर पैसे परत करते."

मला ते लागलं. आपल्याला दारातून परत पाठवलं असं वाटलं. आठवडाभर मी त्यांचा मेल उघडला नाही. आज मात्र मी कुणालाही सांगेन, की कोच चांगला आहे का हे त्या क्षणी कळतं. त्या थांबल्या नसत्या तर उरलेल्या 3 सत्रांत मी आणखी तीनदा नापास झाले असते आणि दोष स्वतःलाच दिला असता.

मराठीत आपण सगळ्यांनाच 'मानसोपचारतज्ज्ञ' म्हणून मोकळे होतो, त्यामुळे शोधताना माझा गोंधळ झाला. सायकिअ‍ॅट्रिस्ट म्हणजे डॉक्टर, औषध तेच लिहितात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, असावी लागते. 1992 च्या कायद्याने ही परिषद चालते. मी ज्यांच्याकडे गेले त्यांनी नोंदणी क्रमांक न मागता दाखवला. वयाने माझ्याहून 10 वर्षांनी लहान होत्या.

तिथलं पहिलं सत्र म्हणजे नुसते प्रश्न. झोप, भूक, घरात कुणाला असा त्रास होता का, कुठली औषधं चालू आहेत, जीव द्यावासा कधी वाटलाय का. हा शेवटचा प्रश्न इतक्या सरळपणे कुणी विचारला नव्हता. मला उलट हायसं वाटलं. मग नैराश्य किती आहे ते पाहणारा 9 प्रश्नांचा तक्ता, गेल्या 2 आठवड्यांबद्दल, प्रत्येकाला 0 ते 3, गुण जितके जास्त तितका त्रास जास्त. माझे 27 पैकी 14 झाले. त्यांनी आधी फॅमिली डॉक्टरकडून थायरॉइड आणि बी-12 तपासून आणायला सांगितलं, कारण त्यातल्या बिघाडानेही माणूस असा गळून जातो. रिपोर्ट नॉर्मल आले. गुप्ततेबद्दलही बोलल्या: 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने ती माझा हक्क आहे, जिवाला धोका असेल किंवा कोर्टाने मागितलं तर अपवाद. कोचशी झालेली गुप्तता आमच्या करारापुरती होती.

आणि मग तेच वाक्य, "मला फोन करवत नाही." कोचनी विचारलं होतं, कधी कराल? यांनी विचारलं, "नंबर लावायच्या आधीच्या क्षणी डोळ्यांसमोर काय येतं?"

एप्रिल 2021 आला. बाबा कोविड वॉर्डात होते. आत कुणाला सोडत नव्हते. रोज संध्याकाळी हॉस्पिटलमधून फोन यायचा. नवव्या रात्री मी फोन सायलेंटवर टाकून झोपले, कारण आधीच्या दोन रात्री डोळ्याला डोळा नव्हता. पहाटे 3 वाजून 10 मिनिटांनी आलेला फोन मी सकाळी 6 ला पाहिला.

माझ्या थेरपिस्ट विवेकनिष्ठ मानसोपचाराची पद्धत वापरायच्या. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी ती 1955 मध्ये अमेरिकेत मांडली आणि कि. मो. फडके यांनी आपल्याकडे रुजवली. घटनेमुळे थेट त्रास होत नाही, मधे आपला दृष्टिकोन असतो, हे तिचं सूत्र. मला हे आधी पटलं नाही, रागच आला. मग त्यांनी मला त्या रात्रीबद्दल एक वाक्य लिहायला लावलं. मी लिहिलं, 'मी जागंच राहायला हवं होतं.' त्यांनी पेन्सिलीने फक्त 'च' भोवती गोल केला आणि कागद माझ्याकडे सरकवला. बराच वेळ आम्ही दोघी बोललो नाही. जागी राहिले असते तर बरं झालं असतं, हे दुःख आहे, ते राहणार. पण त्या 'च'ने 2 वर्षं मला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं होतं.

मग पायऱ्या केल्या. त्या वेळची रिंगटोन मी बदलून टाकली होती. ती परत लावून खोलीत बसून ऐकायची. भीतीला 100 पैकी गुण द्यायचे. पहिल्या दिवशी 85. मग गॅस एजन्सीला फोन, मग मावशीला, मग अनोळखी व्हेंडरला. मधे 3 आठवडे काहीच हललं नाही आणि मी सोडून द्यायच्या बेतात होते. एकूण 16 सत्रं, आठवड्याला एक, 50 मिनिटं. औषध लागलं नाही, पण लागलं असतं तर घ्यायची माझी तयारी झाली होती. शेवटी तोच तक्ता भरला, 4 आले. ज्यांना एवढा खर्च झेपत नाही त्यांच्यासाठी सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, 14416, मोफत आणि मराठीतूनही.

जानेवारीत कोच मॅडमकडे परत गेले. कंपनीने अजून जागा भरली नव्हती. त्यांनी त्या रात्रीबद्दल एक शब्द विचारला नाही, आणि थेरपिस्टनी कधी माझा पगार विचारला नव्हता. या वेळी ठरवलेलं काम 15 दिवसांत होत होतं, म्हणून कोचिंग चाललं. पाचव्या सत्रात स्वतःच्या तोंडून ऐकलं, की मला मॅनेजरकी नकोय. व्हेंडरच्या शेडवर उभं राहून काम बघणं, नवीन माणसं उभी करणं मला आवडतं. फोनच्या भीतीखाली ही आवड इतके दिवस दिसतच नव्हती. आधी नकार दिला असता तर तो भीतीपोटी दिलेला असता.

"साहेबांना कसं कळवणार?" त्यांनी विचारलं. मेलने, असं म्हणणार होते. "फोनवर," म्हणाले. "गुरुवारी 11 वाजता."

व्हेंडर डेव्हलपमेंटमध्ये घ्या, चाकणची फिरती मी करते, एवढं कागदावर लिहून ठेवलं होतं. गुरुवारी नंबर लावला. दुसऱ्या रिंगला साहेबांनी उचलला.