जिनिंगचा नवा सुपरवायझर आणि वाईट बातमी

दिवाळी झाली की हिंगणघाट, वणी, पांढरकवडा, अकोट या विदर्भातल्या कापूसपट्ट्यात जिनिंग-प्रेसिंगची, म्हणजे कापसातून सरकी (बी) वेगळी करून रुईच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्यांची, चाकं फिरू लागतात. त्या गडबडीत एखादा चांगला फिटर किंवा चलाख प्रेसवाला एका दिवसात सुपरवायझर होतो. ज्यांच्यासोबत काल डबा खाल्ला, त्यांनाच आज काम सांगायचं असतं. बरेच जण मग आवाज चढवतात. काही जण उलट गप्प राहून सगळं स्वतःच करत सुटतात. दोन्हींत नुकसान सारखंच, कारण वाईट बातमी सुपरवायझरपर्यंत उशिरा पोचते. बेअरिंग तापलं हे वेळेवर कळलं तर ग्रीसवर भागतं, लपलं तर आगीपर्यंत जातं.

पाळी सुरू व्हायच्या पंधरा मिनिटं आधी या आणि जाणाऱ्या सुपरवायझरसोबत पूर्ण लाइन पायी फिरा. कापसाच्या ढिगापासून सुरुवात, मग सक्शन (कापूस हवेने ओढून नेणारा पंखा आणि पाइप), जिन हॉल (सरकी वेगळी करणाऱ्या मशीनचा), रुईचा हॉल, गाठी बांधणारा प्रेस, शेवटी सरकी. कोणती जिन बंद आहे, कुठलं बेअरिंग तापतं, कोणता लॉट चालू आहे आणि त्यात ओल किती, कुठलं गार्ड (फिरत्या भागावरची जाळी किंवा झाकण) काढून ठेवलंय, एवढं विचारून वहीत लिहा. ऑफिसात खुर्चीवर बसून घेतलेल्या चार्जमध्ये काढून ठेवलेलं गार्ड कधीच सांगितलं जात नाही.

ओलीचं सांगायचं तर गाडीच्या वरचा कापूस दाखवण्यापुरता वाळलेला असू शकतो. वरून, मधून आणि तळातून असे तीन नमुने मीटरवर पाहा. आठ टक्क्यांच्या आसपास काम सुरळीत चालतं. बारापलीकडचा कापूस रोलरला गुंडाळतो, जिन वारंवार अडकते, आणि अडकलेली जिन म्हणजे हात आत घालायचा मोह.

या एका गोष्टीत नव्या सुपरवायझरने जराही ढिलाई करू नये. अडकलेली जिन उघडायची तर आधी बटण बंद, मग मेन स्विच खाली, त्याला कुलूप, आणि किल्ली जो हात घालणार त्याच्याच खिशात. रोलर पूर्ण थांबल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. बायांचा पदर खोचलेला, माणसांचा दुपट्टा गळ्यातून काढलेला. हे तुम्ही स्वतः दरवेळी केलंत तरच बाकीचे करतील. एकदा घाईत कुलूप न लावता हात घातला की भिंतीवरच्या पाटीला काही अर्थ उरत नाही.

आगीची तयारी हंगामाच्या पहिल्या आठवड्यातच करा. कापसातून दगड, नटबोल्ट, विळ्याचा तुकडा आला की तो पंख्याच्या पात्यावर आपटून ठिणगी पडते. हवेच्या पाइपातून ती पुढे जाऊन रुईच्या ढिगात शिरते. रुई आतल्या आत धुमसते आणि वरून मारलेलं पाणी लवकर मुरत नाही. म्हणून क्रम पाठ हवा. दिसेल त्याने ओरडायचं आणि जवळचं लाल बटण दाबायचं. मग सक्शनचा पंखा बंद, मग बाकी मशीन आणि वीज, मग पाणी. मोटर आणि पॅनलजवळ पाणी अजिबात नको, तिथे पावडरचं सिलिंडर. पंखा चालू ठेवून पाण्यासाठी धावणं ही सर्वांत महागात पडणारी चूक, कारण पंखाच आग पुढे ढकलत असतो. त्या वेळी प्रेसमध्ये असलेली गाठ आणि तिच्या आधीच्या चार-पाच गाठी गोदामात नेऊ नका. उघड्यावर, एकमेकींपासून लांब ठेवून काही दिवस नजर ठेवा.

ठिणगी नव्हतीच आणि मशीन उगाच थांबलं, तरी बटण दाबणाऱ्याला चारचौघांत ‘बरं केलंस’ म्हणा. एकदा जरी ‘कशाला थांबवलं?’ निघालं, तर पुढच्या वेळी बटणाला कुणी हात लावत नाही.

काम सांगताना ‘जरा बघून घ्या’ म्हणू नका. ते सगळ्यांना सांगितलं जातं आणि कुणालाच लागू होत नाही. ‘काका, सहा नंबरखालची सरकी चारच्या चहाआधी मोकळी करा, झाली की मला सांगा’, यात माणूस, जागा, वेळ सगळं आलं. परप्रांतातला मजूर असेल तर त्याच्याकडूनच काम परत वदवून घ्या; मान हलवली म्हणजे समजलं असं नाही.

वयाने मोठ्या माणसाची चूक हॉलमध्ये काढू नका, चहाच्या वेळी बाजूला घेऊन बोला. जिवाचा धोका असेल तेव्हा मात्र जागेवर, मोठ्याने थांबवा आणि कारण नंतर शांतपणे सांगा.

हिशेबातही हेच. रुईचा उतारा, म्हणजे कापसातून निघणाऱ्या रुईचं प्रमाण, ३४ टक्के धरला तर १०० क्विंटल कापसातून ३४ क्विंटल रुई, म्हणजे १७० किलोच्या २० गाठी. १९ च निघाल्या तर आधी माणसावर संशय घेऊ नका. सरकी मुठीत घेऊन पाहा. तिच्यावर रुई चिकटून जात असेल तर रोलर झिजलाय किंवा जिनमधली सुरी बोथट झालीय. सरकी साफ असेल तर ओल आणि काडीकचरा तपासा, गाठींची वजनं पुन्हा घ्या. चोरीचा आळ एकदा घेतला की तो माणूस पुढे काही सांगायला येत नाही.

सुट्टी आणि उचल (मजुरीतून आगाऊ दिलेले पैसे) मात्र तोंडी ठेवू नका. जुन्या मित्राला लग्नासाठी सोडलं आणि दुसऱ्याला तेरवीला अडवलं, की पाळी दोन गटांत फुटते. सुट्टीचा तक्ता भिंतीवर लावा, ओव्हरटाइमचे तास त्याच दिवशी लिहा आणि मजुरी दुप्पट दराने धरा. बाजाराच्या दिवशी दिलेली उचल रजिस्टरमध्ये तारखेसह लिहून तिथल्या तिथे सही किंवा अंगठा घ्या.