मेस्ताने आधी मुलं मोजली

गोव्यातल्या फोंड्यात माझ्या घरी पाळणाघर आहे. कुंडई आणि बेतोड्याच्या औद्योगिक वसाहतींत कामाला जाणाऱ्या आया सकाळी साडेसातपासून मुलं आणून सोडतात. एक वर्षापासून पाच वर्षांपर्यंतची, एका वेळी आठ-नऊ. जुलैतली ती सकाळ आठवली की अजून माझे तळहात गार पडतात.

पाऊस रात्रीपासून थांबला नव्हता, म्हणून सगळी मुलं आतल्या खोलीतच होती. मी स्वयंपाकघरात पेज वाढून घेत होते, मदतीला येणाऱ्या मावशी धाकट्याचं लंगोट बदलत होत्या. आधी खेळणी घरंगळल्याचा आवाज आला, मग धाडकन एक. धावत गेले तर खेळण्यांचं कपाट पुढे कोसळून समोरच्या बाकाच्या कडेवर अडकलेलं. खाली जी सांदट उरली होती तिच्यात तीन वर्षांचा एक मुलगा पालथा पडला होता, हातात लाल ट्रक. आम्ही दोघींनी कपाट उचललं. तो रडला नाही. माझ्याकडे बघून त्याने ट्रक पाठीमागे लपवला. बाक तिथे नसता तर, हा विचार मी त्या क्षणी बाजूला सारला आणि रात्री तो परत आला.

त्याच्या आईला लगेच फोन केला. त्याला काही लागलेलं दिसत नाही हे आधी सांगितलं, मग काय झालं ते सगळं सांगितलं. ती आली, त्याला डोक्यापासून पायापर्यंत चाचपलं आणि डॉक्टरांकडे घेऊन गेली. संध्याकाळी तिचाच फोन आला, सगळं ठीक आहे म्हणून. "काकू, उद्या आणू ना त्याला?" मी म्हटलं, "ते कपाट घराबाहेर जाईपर्यंत नको. दोन दिवस दे मला."

कपाट साडेपाच फूट उंच आणि जेमतेम फूटभर खोल होतं. घेताना मी रंग बघितला, कप्पे मोजले, किंमत विचारली. ते दाबलेल्या भुशाच्या बोर्डाचं आहे, हे माहीत असून त्याचा विचार केला नाही. आम्ही रोज फरशी पुसतो, ते पाणी पुढच्या कडेला लागतं. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये, त्या दिवसांत एकदा ओलं झालेलं लवकर सुकत नाही. पुढची खालची कड फुगून तिचा भुसा झाला होता आणि कपाट बोटभर पुढे कललं होतं. भिंतीला ते बांधलेलं नव्हतं. आणि ट्रकसाठी मुलं भांडत म्हणून मीच तो सगळ्यात वर ठेवला होता, सगळ्यांना दिसेल असा. मूल कप्प्यावर पाय देऊन चढलं की त्याचं सगळं वजन कपाटाच्या पुढच्या बाजूला लोंबतं. फूटभर खोल कपाटाला तेवढं पुरतं.

दुसऱ्या दिवशी शेजारणीच्या ओळखीने म्हातारे मेस्त, म्हणजे सुतार, आले. मी भिंतीची लांबी सांगायला लागले, तर म्हणाले, "भिंत राहू दे वहिनी, मुलं कुठे आहेत?" जी तीन-चार आली होती त्यांना त्यांनी दाराच्या चौकटीला उभं केलं, हात वर करायला लावला आणि पेन्सिलीने खुणा केल्या. सगळ्यात छोट्या चालत्या मुलाचा हात जिथे पोचला, त्याच्या खाली वरची फळी. ती सव्वादोन फुटांवर आली. एवढ्या बुटक्या कपाटात माझं सामान मावणार नाही, असं मी म्हटलं. "मग सामान कमी करा," ते म्हणाले. मला तेव्हा राग आला होता.

साहित्य त्यांनीच सांगितलं: १९ मिलिमीटरचं मरीन प्लाय, म्हणजे पाण्याला टिकणारं प्लायवूड, त्यावर आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का बघून घ्यायचा, पुढच्या कडांना फणसाच्या लाकडाची गोल पट्टी. सगळीकडे स्क्रू, खिळा एकही नाही. आमचं घर जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचं. चिरा सच्छिद्र, त्यात स्क्रूसाठी नुसता प्लास्टिकचा गट्टू ठोकला तर तो काही महिन्यांत ढिला होतो. म्हणून त्यांनी भिंतीला एक आडवी लाकडी पट्टी लांब स्क्रूंनी सहा ठिकाणी पक्की केली आणि कपाट त्या पट्टीला जखडलं. पट्टीमुळे कपाटामागे दीड इंच हवा खेळती राहिली. पावसात बाहेरची भिंत पाझरते आणि टेकलेल्या फळीला बुरशी धरते, ती धरायची थांबली. पायही चार इंचांचे ठेवले, म्हणजे खाली झाडू जातो आणि वाळवी चढायला लागली तर तिची मातीची रेघ लगेच दिसते.

खेळणी ठेवायला झाकणाची पेटी मला हवी होती. मेस्तांनी नको म्हटलं, झाकण मुलाच्या मानेवर पडतं. आता उथळ उघडे ट्रे आहेत, प्रत्येकावर आतल्या वस्तूचं चित्र, तेच चित्र फळीवर. जड ठोकळे तळाला. एका वेळी बाराच ट्रे बाहेर, बाकीचे आत. पंधरा दिवसांनी बदलले की जुनी आगगाडीसुद्धा मुलांना नवी वाटते. मोठ्या मुलांचे बारीक मणी आणि तुकडे मात्र दुसऱ्या खोलीत कुलपात, कारण उंच ठेवलेली वस्तू मुलांना चढायला बोलावते हे मी पाहिलं होतं.

पुस्तकांचं तर वेगळंच झालं. पूर्वी ती कण्याच्या बाजूने दाटून लावलेली असायची, आणि अक्षरं न येणाऱ्या मुलाला कण्यावरून काय कळणार? मेस्तांनी चार इंचांच्या अरुंद फळ्या केल्या, पुढे एक आडवी पट्टी, पुस्तकांची मुखपृष्ठं समोर. सव्वा वर्षाची एक मुलगी, जी तोपर्यंत पुस्तकाकडे बघतही नव्हती, पहिल्याच दिवशी हत्तीचं पुस्तक ओढून मांडीवर घेऊन बसली. ते उलटं धरलं होतं. मावशींनी मला हाक मारून दाखवलं.

तो मुलगा तिसऱ्या दिवशी आला. ट्रक आता मधल्या फळीवर होता. त्याने तो घेतला, खोलीभर फिरवला आणि चित्र बघून जागेवर ठेवला.

चौकटीवरच्या पेन्सिलीच्या खुणा मी पुसलेल्या नाहीत. दर जूनच्या पहिल्या आठवड्यात पट्टीचे सहाही स्क्रू हाताने हलवून बघते. यंदा डावीकडचा एक जरा फिरला. मेस्तांना निरोप धाडला आहे, आणि ते येईपर्यंत त्या बाजूचे ट्रे रिकामे ठेवलेत.