बारा ओळींचा गुणाकार

१९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७. फ्रँक नेल्सन कोल यांनी ३१ ऑक्टोबर १९०३ रोजी न्यूयॉर्कला, अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत, हा गुणाकार फळ्यावर करून दाखवला. ते तोंडातून एक शब्दही बोलले नाहीत असं सांगतात. फळ्याच्या एका बाजूला २ चा ६७ वा घात वजा १, दुसऱ्या बाजूला हा गुणाकार, आणि दोन्हीकडे उत्तर एकच. फ्रेंच गणिती मर्सेन यांनी १६४४ साली ही संख्या मूळ संख्यांच्या यादीत घातली होती. ती मूळ नाही, संयुक्त आहे, हे ल्यूका या दुसऱ्या फ्रेंच गणितज्ञांनी १८७६ मध्ये दाखवलं, पण तिचा एकही अवयव त्यांच्या हाती नव्हता. अवयव न सापडताही संख्या फुटणार हे ठामपणे कळतं, याचं मला आजही अप्रूप वाटतं. अवयव मिळायला पुढे २७ वर्षं लागली.

गेल्या पावसाळ्यात ठरवलं, हे आपण स्वतः करून बघायचं. चौकटीची वही, पेन्सिल, कॅल्क्युलेटर नाही.

दुपटीचा भाग सोपा गेला. बुद्धिबळाच्या पटावरच्या दाण्यांची गोष्ट लहानपणापासून माहीत असते. ६४ घरांचे मिळून १८४४६७४४०७३७०९५५१६१५ दाणे. त्यात एक मिळवला की २ चा ६४ वा घात. मी मात्र १ पासून सगळ्या दुपटी केल्या आणि या आकड्याशी ताडून पाहिल्या. पुढे तीनदा दुप्पट, वजा १: १४७५७३९५२५८९६७६४१२९२७.

मग गुणाकार. गुणक बारा अंकी, म्हणजे बारा ओळी. पण त्यात ७ आणि ८ तीन-तीनदा, २ दोनदा येतो, म्हणून १९३७०७७२१ चा २, ३, ५, ६, ७, ८ चा पाढा बाजूला लिहून ठेवला की पुरतं. बाकी सगळी बेरीज आणि हातचे. उत्तर आलं १४७५७४०३९७५८१५०८६२९२७. सुरुवातीचे पाच अंक जुळले, शेवटचे चार जुळले, मधले नाहीत.

चूक कुठे, दुपटीत की गुणाकारात? शाळेत शिकलेला नऊचा पडताळा घेतला: एकच अंक उरेपर्यंत अंकांची बेरीज करत जायची, आणि अवयवांच्या अशाच अंकांच्या गुणाकाराशी ताडायची. एका उत्तराच्या अंकांची बेरीज १०९, दुसऱ्याची १००. दोन्हींचा शेवट १ वरच. अवयवांचाही १. दोन वेगळी उत्तरं आणि पडताळा दोघांनाही बरोबर म्हणतोय! बेरजा चार वेळा तपासल्या. त्या रात्री वही मिटून ठेवली.

दुसऱ्या दिवशी अकराचा पडताळा घेतला: उजवीकडून एक अंक मिळवायचा, पुढचा वजा करायचा. अवयवांच्या बाकी ९ आणि ८, गुणाकार ७२, म्हणजे बाकी ६. दुपटीच्या उत्तराची बाकीही ६. गुणाकाराच्या उत्तराची ४. चूक गुणाकारात होती, आणि नऊच्या पडताळ्याला ती दिसणारच नव्हती, कारण ती अंकाची नव्हती, जागेची होती. एखादी ओळ एक घर सरकली की ती दहापट होते, आणि दहाला नऊने भागलं तर बाकी १ च उरते.

मग वही आडवी धरून ओळींच्या कडा पाहिल्या. पाचवी आणि सहावी ओळ एकाच घरात संपत होती. प्रत्येक ओळ डावीकडे एक घर पुढे जाते या सवयीने मी पाचवीही पुढे नेली होती. पण चौथी, ७ ची, दहा अंकी आणि पाचवी, ५ ची, नऊ अंकीच, तेव्हा त्या दोघींची डावी कड एका रेषेत यायला हवी होती. पाचवी ओळ खोडून एक घर उजवीकडे लिहिली, बेरीज पुन्हा केली. एकवीसच्या एकवीस अंक जुळले.

या संख्येच्या कोणत्याही मूळ अवयवातून १ वजा केला तर उरणाऱ्या संख्येला १३४ ने, म्हणजे ६७ च्या दुपटीने, पूर्ण भाग जातो, हा नियम ठाऊक होता. वहीच्या त्याच पानावर, तळाशी, १९३७०७७२० ला १३४ ने भागलं. १४४५५८०, बाकी शून्य.