सिलिंडरवर लिहिलं होतं आर-१३४ए

रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या प्रयोगशाळेत थंडाव्याच्या गॅसची शुद्धता तपासतात. एसी, गाड्या, शीतगृहं, जहाजावर चढणारे रिफर (माल थंड ठेवणारे) कंटेनर, सगळीकडचे नमुने येतात. बहुतेक दिवशी काम एकसुरी असतं: नमुना घ्या, जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफ, मिश्रणातले वायू वेगळे करून दाखवणारं यंत्र) लावा, रिपोर्ट काढा. एमएस्सीला मी स्थितांबरातल्या, म्हणजे वातावरणाच्या वरच्या थरातल्या, ओझोनच्या रसायनावर प्रकल्प केला होता. तो अभ्यास आणि ही नोकरी इतक्या थेटपणे समोरासमोर येतील असं मला कधी वाटलं नव्हतं.

द्राक्षांचा हंगाम होता. त्या दिवसांत द्रोणागिरीच्या यार्डांतून रिकामे रिफर तपासून नाशिककडे जातात आणि भरून न्हावा शेवा बंदरात परततात. मशीन बंद पडलेला एक कंटेनरही कुणाला परवडत नाही. त्यातल्या एका यार्डाचे सुपरवायझर सकाळीच आकाशी रंगाचा १३.६ किलोचा सिलिंडर घेऊन आले. त्यावर आर-१३४ए हे थंडाव्याच्या गॅसचं नाव होतं. सोबत त्यांचे मेकॅनिक काका होते. उरणचे, पन्नाशी उलटलेले, या धंद्यात आयुष्य गेलेलं.

"मॅडम, या गॅसवर मशीन सारखं ट्रिप होतंय. गेजवर प्रेशर बरोबर दिसतं, पण थंडावा धरत नाही," सुपरवायझर म्हणाले.

काका हळूच म्हणाले, "मला वास जरा गोडसर आला. एकशेचौतीसचा असा येत नाही."

त्यांचं नाक आमच्या यंत्राआधी बरोबर ठरलं, हे मला इथेच सांगायचं आहे.

गेजवर विसंबून चालत नाही, त्याचं कारण साधं आहे. आर-१३४ए उणे २६ अंशांना उकळतो आणि मिथाइल क्लोराइड, म्हणजे आर-४०, उणे २४ च्या आसपास. दाब जवळजवळ सारखाच. थोडा कमी पडला तर त्यात उणे ४१ अंशांना उकळणारा आर-२२ मिसळला की गेज अगदी 'बरोबर' दाखवतं. मिथाइल क्लोराइड स्वस्त मिळतो. नकली गॅस बनवणाऱ्यांचं सगळं गणित एवढंच.

नमुना जीसीवर लावण्याआधी मी फ्यूम हूडमध्ये एक जुनी चाचणी केली. तांब्याची तार ज्योतीत लाल करायची आणि तिच्यावर गॅसची अगदी बारीक धार सोडायची. आर-१३४ए मध्ये क्लोरीन नसतो, त्यामुळे ज्योतीचा रंग बदलायला नको. ती गर्द हिरवी झाली.

काका पुढे झुकले. "ही तर हॅलाइड टॉर्चची ज्योत! आर-बाराच्या काळात आम्ही लीक असंच शोधायचो. एकशेचौतीस आला आणि टॉर्च बिनकामाची झाली."

टॉर्च बिनकामाची झाली, कारण क्लोरीनच गेला. तो का गेला, ही विसाव्या शतकातल्या विज्ञानाची फार मोठी गोष्ट आहे. जीसी चालू होती तोवर ती मी त्यांना सांगितली.

१९२० च्या दशकात घरगुती फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड आणि हाच मिथाइल क्लोराइड भरत. गळती झाली की माणसं मरत. १९२८ मध्ये अमेरिकेत थॉमस मिजली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्लोरोफ्लुरोकार्बन (सीएफसी) हे वायू पुढे आणले. ते विषारी नव्हते, पेट घेत नव्हते. १९३० मध्ये मिजली यांनी रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत तो वायू छातीत भरून घेतला आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवून दाखवली. त्यांतलाच आर-१२ तेव्हापासून घरोघरी शिरला आणि त्याने असंख्य जीव वाचवले, हेही खरंच आहे.

पण जो रेणू खाली कशालाच दाद देत नाही, तो वरपर्यंत शाबूत पोचतो. तपांबरातले, म्हणजे हवेच्या सर्वांत खालच्या थरातले, हायड्रॉक्सिल रेणू बहुतेक वायूंमधला हायड्रोजन ओढून त्यांना मोडतात. आर-१२ मध्ये हायड्रोजनच नाही. तो सुमारे शंभर वर्षं टिकतो, तरंगत स्थितांबरात जातो आणि तिथल्या अतिनील किरणांनी फुटून क्लोरीनचा अणू मोकळा करतो. तो अणू ओझोनचा एक ऑक्सिजन ओढून घेतो, दुसऱ्या मोकळ्या ऑक्सिजनला भेटला की तो देऊन टाकतो आणि पुन्हा नव्या ओझोनवर जातो. स्वतः खर्च होत नाही. निष्क्रिय रूपात अडकेपर्यंत असा एक अणू एक लाखाच्या घरात ओझोन रेणू संपवू शकतो. मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलंड यांनी १९७४ मध्ये हे मांडलं. १९८५ मध्ये जोसेफ फार्मन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी अंटार्क्टिकावरचं ओझोनचं छिद्र जगाला दाखवलं.

"मग ते तिकडेच का, आपल्यावर का नाही?" काकांनी विचारलं. प्रश्न अगदी योग्य होता. शास्त्रज्ञही तिथेच अडले होते. सुझन सॉलोमन यांनी त्याचं उत्तर मांडलं आणि १९८६ मध्ये अंटार्क्टिकावर मोहीम नेऊन पुरावे गोळा केले. ध्रुवीय रात्रीच्या कडाक्यात स्थितांबरात बर्फाळ ढग तयार होतात. निष्क्रिय रूपात अडकलेला क्लोरीन त्यांच्या कणांवर सुटा होतो आणि वसंतात सूर्य उगवला की ओझोनवर तुटून पडतो. आपल्या डोक्यावर तशी थंडी आणि तसे ढग नसतात.

मग मी त्यांना वीरभद्रन रामनाथन यांच्याबद्दल सांगितलं. तरुणपणी त्यांची पहिली नोकरी सिकंदराबादच्या एका फ्रिजच्या कारखान्यात होती आणि काम होतं, गॅस कुठून गळतो ते शोधायचं. पुढे १९७५ मध्ये त्यांनीच दाखवून दिलं की हे वायू पृथ्वी तापवण्यातही कार्बन डायऑक्साइडच्या हजारो पट जोरकस आहेत. काकांचा चेहरा उजळला. "म्हणजे आमच्याच लाइनचे!"

तेवढ्यात जीसीचा आलेख पूर्ण झाला. सगळ्यात उंच शिखर मिथाइल क्लोराइडचं, दुसरं आर-२२ चं. आर-१३४ए नावापुरता.

माझ्या पोटात गोळा आला. मी विचारलं, "ज्या मशीनमध्ये हा भरलाय, ते आत्ता कुठे आहे?"

"यार्डात. कॉम्प्रेसर काढायला पोरांना सांगून आलोय," सुपरवायझर म्हणाले.

मिथाइल क्लोराइड आणि मशीनच्या भागांतलं ॲल्युमिनियम एकत्र आले की ट्रायमिथाइल ॲल्युमिनियम तयार होऊ शकतं. ते हवा लागताच आपोआप पेटतं. २०११ मध्ये रिफर कंटेनरांच्या मशीनचे असेच स्फोट होऊन तीन कामगार गेले. तपासाचा माग व्हिएतनाममध्ये भरलेल्या नकली गॅसपर्यंत पोचला. त्यानंतर जगभर शेकडो कंटेनर बाजूला काढावे लागले. हे सगळं मी एका दमात सांगितलं आणि सुपरवायझरांनी फोन लावला. कोणी उचलेना. यार्डात स्टॅकरच्या आवाजात फोन ऐकू येत नाही. दुसऱ्याला, तिसऱ्याला लावला. शेवटी काकांनी गेटवरच्या सिक्युरिटीला फोन करून ओरडून सांगितलं, "धावत जा, पोरांना म्हणाव स्पॅनर खाली ठेवा, कोणी हात लावायचा नाही!"

त्या शिपायाचा उलट फोन येईपर्यंतची मिनिटं मला फार जड गेली. पोरांनी झाकण काढलं होतं, नट अजून सैल केले नव्हते.

मी त्यांच्याबरोबर यार्डात गेले. उलव्यापासून पुढे कुणी फारसं बोललं नाही. मशीनची वीज तोडून त्यावर टॅग लावला, आजूबाजूचे कंटेनर हलवले, दोरी बांधून जागा मोकळी केली. पुढचं काम जहाज कंपनीने पाठवलेल्या प्रशिक्षित पथकाचं होतं. ते आमच्यापैकी कुणी करायचं नव्हतं.

दोरीबाहेर उभं असताना काकांनी विचारलं, "मॅडम, हा गॅस तसाच हवेत सोडला असता तर ओझोनचं भोक वाढलं असतं?"

मला खरं तेच सांगायचं होतं. मिथाइल क्लोराइड निसर्गातही भरपूर आहे. समुद्र, उष्ण प्रदेशातली झाडं, जळणारं लाकूड, खारट दलदली यांतून तो सतत निघत असतो. हवेत जो क्लोरीनयुक्त वायूंचा साठा आहे, त्यातला साधारण सहावा हिस्सा एकट्या त्याचा. पण त्यात हायड्रोजन असल्याने बहुतेक भाग वर्षभरात खालीच मोडतो. आर-२२ चं आयुष्य बारा वर्षांच्या आसपास. ओझोनला त्याचा धोका आर-१२ च्या विसाव्या भागाइतका, शून्य मात्र नाही. म्हणजे हा सिलिंडर ओझोनपेक्षा तुमच्या पोरांच्या जिवाला जास्त घातक होता. आणि जो आर-१२ तुम्ही आयुष्यभर बिनधास्त हाताळलात, तो उलटा: हाताला निरुपद्रवी, ओझोनचा काळ.

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आम्ही तर लाइन फ्लश करायलापण आर-बारा वापरायचो. फुस्स करून सोडून द्यायचा. कोणी काही सांगितलंच नाही."

त्यांना दोष द्यावा असं मला क्षणभरही वाटलं नाही. ओझोन वाचवण्यासाठीच्या माँट्रियल करारात भारत १९९२ मध्ये आला. आपल्याकडे सीएफसीचं उत्पादन २००८ मध्ये थांबलं, दम्याच्या इन्हेलरपुरती सूट ठेवून. तोवर दुकानात तो कायदेशीर मिळत होता. त्यांनी सोडलेल्यातला काही भाग आजही वर आहे. तरी ओझोन भरून येतोय. संयुक्त राष्ट्रांच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे सध्याचे नियम पाळले गेले तर अंटार्क्टिकावरचा थर २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीला येईल, उरलेल्या बहुतांश जगात २०४० च्या आसपास. मी तारखा सांगितल्या तेव्हा काका म्हणाले, "माझी नात तेव्हा माझ्या वयाची असेल."

यार्डातले बाकीचे सिलिंडर आम्ही त्याच आठवड्यात तपासले. त्याच पुरवठादाराच्या आणखी काहींमध्ये तेच मिश्रण निघालं. रिपोर्ट, बिलं आणि सीलबंद नमुने सुपरवायझरांनी पुढे तक्रारीसाठी दिले. आर-१३४ए सुद्धा निर्दोष नाही. तो ओझोनला धक्का लावत नसला तरी पृथ्वी तापवतो आणि माँट्रियल कराराच्या किगाली दुरुस्तीनुसार त्याचाही वापर टप्प्याटप्प्याने कमी व्हायचा आहे. असे निर्बंध येतात तेव्हा नकली मालाचा बाजार वाढण्याची भीती असते. म्हणून माझ्या मते करारावरच्या सहीइतकीच गरज प्रत्येक सिलिंडर तपासण्याची आहे, आणि आपल्याकडे ती तपासणी अजून फारच थोड्या ठिकाणी होते.

काकांनी घरातून जुनी हॅलाइड टॉर्च शोधून आणली. आता नवा माल आला की यार्डाच्या मोकळ्या कोपऱ्यात, मशीनपासून लांब, ते आर-१३४ए च्या प्रत्येक सिलिंडरचा चिमूटभर नमुना तिच्यावर पाहतात. आर-२२ आणि आर-४० दोन्हींना ज्योत हिरवीच होते, त्यांच्यातला फरक टॉर्चला सांगता येत नाही. तो फरक शोधणं आमचं काम. हिरवी दिसली की सिलिंडर बाजूला ठेवायचा आणि नमुना रबाळेला पाठवायचा, असं त्यांनी पोरांना शिकवलंय.