आमची वाटचाल : लग्नपत्रिकेपासून मालवणी कार्डांपर्यंत

कुडाळात आमचं छोटं डीटीपी आणि ऑफसेटचं दुकान, 2006 ला एक कॉम्प्युटर आणि सेकंडहँड मशीन घेऊन मी आणि मिसेसने सुरू केलं. बिलबुकं, पावतीपुस्तकं, लग्नपत्रिका, जत्रेची पोस्टरं, पहिली सात-आठ वर्षं हेच चाललं.

मग नेरूरचे एक काका आले, पत्रिका मालवणीत हवी म्हणाले. "आमच्या झिलाचा लगीन ठरला आसा, सगळ्यांनी येवचा." आमच्या ऑपरेटरला वाटलं काकांनी अशुद्ध लिहिलंय, त्याने बसून सगळं सुधारलं, झिलाचा चं मुलाचं केलं, आसा चं आहे केलं, आणि मी पण प्रूफ न बघता प्लेट काढली. 400 पत्रिका. काका ओरडले नाहीत, पत्रिका हातात धरून एवढंच म्हणाले, "ह्या आमचा न्हय रे." सगळ्या परत छापून दिल्या, पण ते वाक्य डोक्यातून गेलं नाही, कारण मी पण आईशी मालवणी बोलतो आणि पोरांशी मात्र शाळेचं मराठी, शाळेत अडायला नको म्हणून.

मच्छिंद्र कांबळींनी मालवणी नाटक गावोगाव नेलं, त्यांचे उपकारच आहेत आपल्यावर, पण लोकांच्या मनात मालवणी म्हणजे हसायची आणि गाळी घालायची भाषा असंच बसलंय, गंभीर काही असलं की लगेच प्रमाण मराठी. म्हणून आमच्याकडे पहिलं वर्षश्राद्धाचं कार्ड मालवणीत झालं ना, "आये, तू गेलंस आणि खळा सुना झाला" (खळा म्हणजे अंगण), ते टाइप करताना मिसेस रडली. माझ्या मते आमच्या धंद्यातलं सगळ्यात मोठं काम तेच.

स्पेलिंगचा त्रास खूप आहे, अनुस्वार कुठे द्यायचा यावर दोन गावांचं जमत नाही, आम्ही गिऱ्हाईक बोलतं तसंच ठेवतो.

न्यूझीलंडमधे माओरी लोकांनी 1982 पासून कोहांगा रेओ नावाच्या बालवाड्या काढल्या, तिथे आज्या-आजोबा पोरांशी फक्त माओरीतच बोलतात, भाषा मधल्या पिढीत तुटली होती ती अशी जोडली. हे वाचलं तेव्हा वाटलं आज्या तर आपल्याकडे पण आहेत की! लॉकडाऊन संपल्यावर शेजारच्या तीन आज्यांना दुकानात बसवून मोबाईलवर शब्द रेकॉर्ड केले, रोवळी, आदाळो (विळी), व्हायन (उखळ), मांगर (शेतातलं छोटं घर). रोवळी म्हणजे तांदूळ धुवायची बांबूची टोपली, माझ्या मुलीने ती कधी बघितलीच नव्हती, मग आजीने घरून आणून तिच्या हातात दिली आणि तांदूळ घालून धुवायला लावले, तेव्हापासून शब्द विसरली नाही ती.

त्यातून आता अंगणवाडीच्या पोरांसाठी चित्रांची कार्डं करतोय. भांड्यांचा सेट झाला, माशांचा प्रूफला आहे, त्यात पेडवो आणि तारलो आमच्या आर्टिस्टने एकसारखेच काढलेत. आज्यांनी दोन्ही चित्रं परत पाठवलीत, या आठवड्यात बाजारातून दोन्ही मासे आणून त्याच्यासमोर ठेवणार आहे.